आर्डेलचा सत्कार आणि चौदा गळक्या चेऱ्या

"आर्डेल, तुम्हाला केक कुठला आवडतो हो?" मार्लिस टोलफ्सनने विचारलं, आणि आर्डेल क्वाम्मेने तोंडाशी नेलेला कॉफीचा कप परत बशीत ठेवला.

ऑक्टोबरातला रविवार होता. प्रार्थना आटोपून आम्ही सगळे चर्चच्या तळघरात कॉफी पीत उभे होतो. परक्या माणसाला या प्रश्नात वावगं काही दिसलं नसतं. पण नॉर्डाल बेमध्ये हा प्रश्न कुणी कुणाला सहज विचारत नाही. आमच्याकडे एखाद्याला कामावरून काढायचं असलं की त्याचा सत्कार करतात.

त्याचं असं आहे, की तोंडावर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. आमच्या पणजोबांनी नॉर्वेहून बोटीने येताना बरंच सामान आणलं, पण 'नाही' हा शब्द तिकडेच धक्क्यावर राहिला. विस्कॉन्सिनच्या या टोकाला आल्यावर त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. कुणाचा पदार्थ बिघडला तर आम्ही म्हणतो, "वेगळाच झालाय." फारच बिघडला तर कृती मागतो.

आयनार हौगनचं उदाहरण ताजं आहे. तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. ऐंशी ओलांडल्यावर त्याचा वेग असा मंदावला, की पहिल्या कडव्याला डोळा लागलेली माणसं शेवटच्या कडव्याला पूर्ण झोप काढून ताजीतवानी उठायची. कुणी अवाक्षर काढलं नाही. त्याचा सत्कार केला. लिंबाचा केक, कोटाला फूल आणि चर्चच्या बागेतल्या पायवाटेवर त्याच्या नावाची कोरीव फरशी. आयनार इतका हरखला, की पुढच्या रविवारी अर्धा तास आधीच आला. ऑर्गनसमोरच्या बाकावर शाळेतली संगीताची बाई बसली होती. आयनार तिच्या शेजारी पाच मिनिटं उभा राहिला आणि मग स्वतःच्याच फरशीवरून चालत घरी गेला.

त्यामुळे केकचा प्रश्न आला तेव्हा आर्डेलला समजायचं ते समजलं.

"मला केक आवडत नाही," ती म्हणाली.

मार्लिस गडबडली. ती मार्था महिला मंडळाची अध्यक्षा आहे आणि आजवर तिला असं उत्तर कुणी दिलेलं नव्हतं. "मग आइस्क्रीम?"

"दात ठणकतात."

"बिस्किटं?"

"पोट बिघडतं."

"मग आवडतं तरी काय हो तुम्हाला?"

"काम," आर्डेल म्हणाली आणि कप विसळायला निघून गेली.

मी आर्डेलच्या शेजारी तीस वर्षं राहतो. तिचं काम म्हणजे नाताळच्या चेऱ्या. मार्था मंडळातल्या अकरा घरांत दर नोव्हेंबरात चॉकलेटात बुडवलेल्या चेऱ्या होतात. प्रत्येक घरी दोनशे. चर्चच्या नाताळच्या बाजारात त्या बारा-बाराच्या खोक्यांतून विकल्या जातात आणि दुपारपर्यंत संपतात. मंडळात दुसरीही कामं आहेत. टेबलं मांडणं, कॉफी करणं, मृताच्या घरी हॅमचे सँडविच पोचवणं. पण चॉकलेटवाल्या अकरा जणींची गोष्ट वेगळी. त्या चर्चमध्ये शिरल्या की कॉफीवाल्या बायका नकळत जरा बाजूला सरतात.

आर्डेलला ही जागा मिळाली ती एका चुकीमुळे. तिचा नवरा ऑरिन शेजारच्या गावी थडग्यांचे दगड कोरायचा. एकेचाळीस वर्षं कोरले आणि एकेचाळीस वर्षांत त्याची एक चूक झाली. गुन्नार बाक्के नावाचे गृहस्थ नोव्हेंबर एकोणीसशे शहात्तरमध्ये गेले. ऑरिनने दगडावर सत्त्याहत्तर कोरलं. गुन्नारच्या विधवा पत्नी त्या पांढऱ्याशुभ्र संगमरवरासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे हो. वेगळंच आहे." ऑरिनला कळलं. त्याने दुसरा दगड कोरला, आणि नवऱ्याला वर्षभर जास्त जगवणारा पहिला दगड गाडीत घालून घरी आणला. आर्डेलने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथा घातला, वरून हात फिरवला आणि म्हणाली, "थंडगार आहे. चॉकलेट मस्त निवेल."

तेव्हापासून आर्डेलच्या घरची प्रत्येक चेरी गुन्नार बाक्केंच्या पाठीवर लोळून आलेली आहे. बाक्केबाई स्वतः दरवर्षी दोन खोकी न्यायच्या.

ही चेरी करायची म्हणजे पाच महिन्यांचं काम. जुलैमध्ये अंगणातल्या तीन झाडांवरून आंबट चेऱ्या उतरवायच्या, केसांच्या आकड्याने एकेकीची बी काढायची आणि साखरेच्या पाकात बरण्या भरायच्या. नोव्हेंबरात त्या काढून एक दिवस, एक रात्र पंच्यावर निथळत ठेवायच्या. मग प्रत्येक चेरी साखरेच्या मऊ लगद्यात गुंडाळायची आणि शेवटी चॉकलेट. पावसाळी हवा असेल त्या दिवशी चॉकलेटला हात लावायचा नाही. पाण्याचा एक थेंब पडला की सगळ्याची रेती होते. आर्डेल खोलीला ऊब देणारा शेगडीचा पाइप बंद करून खिडकी फटीएवढी उघडते, वितळलेलं चॉकलेट दगडावर ओतते आणि तळहाताने फिरवत राहते. मधूनच बोटाचं टोक खालच्या ओठाला लावते. ओठाला ना गरम ना गार लागलं, की झालं. घरात थर्मामीटर आहे, पण तो ऑरिनला ताप आला तर लावायला.

डाव्या हाताने चेरी टाकायची, उजव्या हाताच्या दोन बोटांनी ती चॉकलेटात लोळवायची, उचलून कागदावर ठेवायची आणि बोटावरून जो चॉकलेटचा दोरा लोंबतो त्याने माथ्यावर खूण काढायची. ही खूण महत्त्वाची. प्रत्येक घराची वेगळी. मार्लिसच्या चेऱ्यांवर दोन उभ्या रेघा असतात, आर्डेलच्या चेऱ्यांवर एक बंद गाठ. लहानशी, मागे शेपटी राहिलेली.

मग या चेऱ्या चर्चच्या तळघरात दोन आठवडे नुसत्या बसून राहतात. त्यांनी बसलंच पाहिजे. आत साखरेला हळूहळू पाझर फुटतो आणि तिचा पाक होतो. दाताखाली चेरी फुटते तेव्हा तोंडभर पसरतो तो हाच. पण बुडाला सुईच्या अग्राएवढं भोक राहिलं असेल तर तो पाक दोन आठवड्यांत तिथून बाहेर पडतो. म्हणून डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी बायका सुती हातमोजे घालून एकूण एक चेरी उलटी करून बघतात. गळकी निघाली की माथ्यावरची खूण बघायची. घर कळतं. कुणी काही बोलत नाही. सगळ्यांना कळतं.

गळक्या चेऱ्या विकायच्या नाहीत, त्या खोकेवाल्यांना द्यायच्या, असा जुना नियम आहे. खोकेवाले म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावर पुठ्ठ्याची खोकी दुमडणारे आम्ही चौघे-पाच जण. पुरुष, आणि सत्कार झालेले. आयनार आमच्यातच असतो. तो खोकीही ऑर्गनच्याच चालीवर दुमडतो.

आर्डेलची चेरी पंचेचाळीस वर्षांत कधी गळली नव्हती. आदल्या वर्षी पहिल्यांदा गळल्या. अकरा.

"सगळ्या आर्डेलच्या?" आयनारने बशीत डोकावत मला विचारलं होतं.

"सगळ्या. गाठ बघ की."

"गाठ कुठाय? ही तर दोन गाठी एकमेकींत अडकल्यासारखी दिसतेय."

"हात हलतो तिचा."

"अरेरे. देव बिचारीला बळ देवो," असं म्हणून त्याने चौथी तोंडात टाकली.

तर अशी पार्श्वभूमी असताना मार्लिसने केकचं विचारलं. आर्डेलने मग त्या नोव्हेंबरात काय करावं? तिने हात कुणाला दाखवला नाही. डॉक्टरलाही नाही, कारण डॉक्टरची बायको कॉफीवाली आहे. तिने चॉकलेट नेहमीच्या वेळी, नेहमीच्या दगडावर ओतलं.

परातींची ने-आण माझ्याकडे असते. मी पहिली खेप न्यायला गेलो तेव्हा ती काम करत होती. डावा हात स्थिर होता. उजवा चेरीपर्यंत नीट जायचा, चेरी उचलायचा आणि मग कागदावर ठेवताना पाण्यावरल्या पानासारखा हलायचा.

"बघतोस काय पोरा?" आर्डेल म्हणाली. मी बावन्न वर्षांचा आहे. "थंडीनं हलतोय."

"खिडकी लावू का?"

"खिडकीला हात लावलास तर बघ."

मी खिडकीपासून दूर झालो. पण खोकेवाल्यांनाही मन असतं. मी म्हणालो, "मार्लिसच्या कधी गळत नाहीत."

"कशा गळतील? मेण कधी गळलंय का?"

हे मात्र खरं होतं. मार्लिस चॉकलेटात मेण किसून घालते. जामच्या बरण्यांच्या तोंडाला लावतात ते, खाल्लं तरी चालतं असलं मेण. आमच्याकडे बऱ्याच घरांत घालतात. त्याने चेरी घट्ट होते आणि पॉलिश केलेल्या बुटासारखी चमकते. आर्डेलच्या मते मेण खायचं असेल तर चर्चमध्ये मेणबत्त्या भरपूर आहेत, त्यांच्यासाठी जुलैपासून खपायची गरज नाही.

"तुमच्या फडताळातही आहे की मेण," मी म्हटलं. "थोडंसं. यंदापुरतं. कुणाला कळणार नाही."

"ते बरण्यांसाठी आहे," आर्डेल म्हणाली. आवाज असा, की मी परात उचलली आणि निघालो.

दुसऱ्या खेपेला आलो तेव्हा मेणाचं खोकं टेबलावर होतं. चॉकलेटच्या भांड्यापासून वीतभर अंतरावर. झाकण उघडं. मी पाहिलं नाही असं दाखवलं आणि तिने मी पाहिलं नाही असं मानलं. तिसऱ्या खेपेला तिने ते खोकं माझ्या कोटाच्या खिशात कोंबलं.

"घेऊन जा. तुझ्या बायकोला बरण्यांना होईल. माझ्या डोळ्यांसमोर नको."

घरी जाऊन बघितलं. वडीवर नखाचा एक ओरखडा होता. तेवढाच.

डिसेंबरातला पहिला शनिवार आला. बायकांनी हातमोजे चढवले. आर्डेल रांगेच्या शेवटी उभी राहून दुसऱ्यांच्या चेऱ्या उलटत होती. स्वतःच्या उलटायच्या नाहीत असा नियम आहे. आमच्या टेबलावरच्या बशीत गळक्या चेऱ्या यायला लागल्या. एक आली, मग दोन, मग जरा वेळ काही नाही. आयनारने हातातलं खोकं खाली ठेवलं. मग एकदम सहा आल्या. दुपारी बारापर्यंत चौदा झाल्या. सगळ्यांवर ती थरथरलेली गाठ.

त्या चौदा चेऱ्या इतक्या चांगल्या होत्या, की सांगायची सोय नाही. थोडा पाक गळाला होता, पण उरलेल्यात जुलै महिना होता. आम्ही माना खाली घालून खाल्ल्या. मार्लिसच्या घरची एकही गळली नाही. तिच्या चेऱ्या वरच्या दिव्यांचा उजेड परत फेकत नुसत्या बसल्या होत्या.

आर्डेलने हातमोजे काढले, घडी घातली, खिशात ठेवले. मार्लिस तिच्याजवळ गेली. मार्लिस वाईट बाई नाही, हे मला इथे सांगितलं पाहिजे. लहानपणी रविवारच्या शाळेत आर्डेल शिकवायची त्याच वर्गात ती होती. बायबलमधल्या पुस्तकांची नावं तिच्याकडून आर्डेलनेच पाठ करून घेतली आहेत.

"आर्डेल, मंडळाला असं वाटतं, की तुमचं कौतुक व्हायला हवं."

"वाटू दे."

"पुढच्या रविवारी. प्रार्थना झाल्यावर."

"मी घरी असेन."

"घरी? रविवारी? कशाला?"

"कपडे वाळत घालायचेत."

"अहो, डिसेंबरात?"

"म्हणूनच. वेळ लागतो वाळायला."

मार्लिसच्या डोळ्यांत पाणी आलं. "आर्डेल, शेहेचाळीस वर्षं केलंत तुम्ही. आता जरा बसा की. खोक्यांच्या टेबलाशी ऊब असते, गप्पा असतात."

आर्डेलने आमच्या टेबलाकडे बघितलं. आयनारच्या हनुवटीवर पाक होता. तिने पुन्हा मार्लिसकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली.

आमच्यात 'बरं' याच्याएवढा वाईट शब्द नाही.

तासाभराने मार्लिस क्वाम्मेंच्या घरी आली आणि तिने ऑरिनच्या हातात चिठ्ठी ठेवली. चर्चच्या पायवाटेवरच्या सगळ्या फरश्या ऑरिनच कोरतो. निवृत्त झाल्यापासून गराजमध्ये बसून कोरतो आणि कुणाकडून काही घेत नाही. चिठ्ठीवर लिहिलं होतं: आर्डेल क्वाम्मे, मार्था मंडळ, चेऱ्या, १९७७ ते २०२३. ऑरिनने चिठ्ठी वाचली, घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली.

मी तेव्हा तिथेच होतो, रिकाम्या पराती परत द्यायला आलो होतो.  मार्लिस गेली तशी आर्डेल म्हणाली, "तू कोरणार?"

"मीच कोरतो," ऑरिन म्हणाला.

"माझी?"

"सगळ्यांची."

ऑरिन दिवसाला वीसेक शब्द वापरतो. रविवारी प्रार्थनेत जे म्हणावे लागतात, तेही त्याच वीसांत धरतो. त्यामुळे यापुढे तो काही बोलेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती. आर्डेलने टेबलावरचा दगड कोमट पाण्याने धुतला, पुसला आणि मला म्हणाली, "एक बाजू धर." आम्ही दोघांनी तो पडवीत नेला. तिने तो भिंतीला टेकवून उभा केला. कितीतरी वर्षांनी मी त्याची कोरलेली बाजू पाहिली. गुन्नार बाक्के, १९०१ ते १९७७. अक्षरं अजून कोरी करकरीत होती. मग ती फडताळाकडे गेली आणि चेऱ्यांच्या उरलेल्या सहा बरण्या माझ्यापुढे मांडल्या.

"घेऊन जा."

"अहो, पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी मी खोकी दुमडणार आहे. खोक्यांना चेऱ्या लागत नाहीत."

मी बरण्या घेतल्या नाहीत. तीस वर्षांत मी त्या घरातली खाण्याची वस्तू नाकारली ती एवढीच.

तेवढ्यात ऑरिन खुर्चीतून म्हणाला, "तुझी आई किती वर्षांची होऊन गेली?"

"शहाऐंशी. का?"

"सहज."

ऑरिनने 'सहज' काही विचारल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. पण त्या क्षणी आर्डेलला नवऱ्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती. तिने त्याच्याशी चार दिवस अबोला धरला. तो ऑरिनच्या लक्षात तिसऱ्या दिवशी आला.

त्या आठवड्यात दुपारच्या वेळी गराजमधून छिन्नीचा आवाज यायचा. टक्, टक्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्. दगडावर घाव घालण्याआधी ऑरिन खडूने आखतो, पट्टी लावतो, मागे सरून बघतो, पुन्हा पट्टी लावतो. त्या एका चुकीनंतर तो प्रत्येक आकडा तीनदा मोजतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. इकडे आर्डेल स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून तो आवाज ऐकत होती. खिडकी बंद होती. शेगडीचा पाइप चालू होता. नोव्हेंबर-डिसेंबरात ती खोली इतकी उबदार मी कधी पाहिली नव्हती आणि मला ती अजिबात आवडली नाही.

रविवारी सकाळी ऑरिनने मला हाक मारली. फरशी जुन्या पंच्यात गुंडाळून दोरीने बांधली होती. दोघांनी मिळून ती गाडीत ठेवायची होती.

"बघू दे तरी," मी म्हटलं.

"जड आहे. नीट धर."

आर्डेल आली. तिने निळा पोशाख घातला होता, मृताच्या दर्शनाला घालते तो. पुढे ऑरिन आणि ती, मागे मी आणि पंच्यातला दगड. चर्च तीन मैलांवर.

तळघरात सगळं तयार होतं. मार्लिसने केक केला होता. आर्डेलने काहीच आवडतं सांगितलं नसल्यामुळे तिने स्वतःच्या अंदाजाने चॉकलेट आणि चेरीचा केला होता. यावर कुणीच काही बोलू नये असं सर्वांना वाटलं आणि कुणी बोललंही नाही. चर्चच्या पास्टरबाई दोन शब्द बोलल्या. मार्लिसने आर्डेलच्या छातीवर फूल टाचलं. टाचताना मार्लिसचाच हात थरथरला. आर्डेलने तो धरून सरळ केला आणि म्हणाली, "टोचशील." मार्लिस तिथेच रडली. ते रडणं खरं होतं.

"ऑरिन, दाखवा फरशी," पास्टरबाई म्हणाल्या.

ऑरिनने दोरी सोडली. दोरी गुंडाळून खिशात घातली. मग पंचा बाजूला केला.

मार्लिसने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "आर्डेल क्वाम्मे. मार्था मंडळ. चेऱ्या. एकोणीसशे सत्त्याहत्तर ते..." ती थांबली. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, दगडाजवळ वाकली. "ते दोन हजार एकतीस."

कॉफीचं मोठं भांडं कोपऱ्यात गुरगुरत होतं.  कॉफीवाल्या बायका वर छताकडे बघत होत्या. पास्टरबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या. आर्डेल ऑरिनकडे बघत होती आणि ऑरिन स्वतःच्या बुटांकडे.

"छान आहे," शेवटी मार्लिस म्हणाली. "वेगळंच आहे."

ऑरिनने मान डोलावली.

"म्हणजे, ऑरिन, अक्षरं फारच सुरेख आहेत. फक्त तो एक आकडा... चिठ्ठीवर बहुतेक..."

"कोरलंय," ऑरिन म्हणाला.

"हो ना. दिसतंय. पण मला म्हणायचं होतं, की..."

आता मार्लिसला काय म्हणायचं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते म्हणायला एकच शब्द लागतो आणि तो धक्क्यावर राहिलेला आहे. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला, त्याने फुकट कोरून दिलेल्या दगडासमोर, त्याच्या बायकोच्या सत्कारात, सगळ्या चर्चसमोर चुकलास म्हणायचं? असलं करायला आमच्यात कुणी जन्माला आलेलं नाही. 

पास्टरबाई मूळच्या टेक्सासच्या आहेत, पण आमच्यात सहा वर्षं काढून बऱ्याच तयार झाल्या आहेत. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे... पुढच्या आठ वर्षांच्या कामाबद्दल आपण आर्डेलचे आगाऊ आभार मानतो आहोत."

तळघराने एकदम श्वास सोडला. आगाऊ आभार मानायला आमची कधीच हरकत नसते. टाळ्या झाल्या. आमच्या टेबलावर जरा जास्तच झाल्या.

आयनार मात्र उठून पुढे आला. तो दगडाकडे बघत राहिला, त्याच्या नेहमीच्या चालीने. मग म्हणाला, "ऑरिन, माझी फरशी एकदा परत बघतोस का?"

"तुझी बरोबर आहे," ऑरिन म्हणाला.

केक कापला गेला. केक न आवडणाऱ्या आर्डेलने पहिला तुकडा संपवला. मग दुसरा घेतला, तोही संपवला, काटा पुसून ताटलीत ठेवला आणि मार्लिसचा हात हातात घेऊन गोड आवाजात म्हणाली, "मार्लिस, कृती देशील का गं मला?"

मार्लिसचा चेहरा उतरला तो बाजाराच्या दिवसापर्यंत वर आला नाही.

परत जाताना मी मागच्या सीटवर होतो. दगड चर्चमध्येच राहिला होता. जमीन गोठलेली असल्यामुळे तो एप्रिलात बसणार होता. दोन मैल नेहमीसारखेच गेले. मग आर्डेल पुढे बघत म्हणाली, "दोन हजार एकतीसला मी सत्त्याऐंशीची होईन."

"हो," ऑरिन म्हणाला.

"आणि हात असाच हलला तर?"

"हलू दे."

"गळतील त्या."

"त्यांचं आम्ही बघतो," मी मागून म्हटलं.

"तू गप रे," आर्डेल म्हणाली. पण खिडकीच्या काचेत तिचं प्रतिबिंब हसत होतं.

गाडी घराच्या वळणाला लागली. पडवीत भिंतीला टेकवलेला दगड रस्त्यावरून दिसत होता. अक्षरं बाहेर होती, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला क्वाम्मेंच्या पडवीत कुणाला तरी पुरलंय असं वाटत असावं.

"तो आत घ्यायला हवा," आर्डेल म्हणाली. "पालथा." आणि मग जरा वेळाने, "आई शहाऐंशीला गेली."

"हो."

"मग सत्त्याऐंशी कुठून काढलंस?"

ऑरिनने गाडी थांबवली, किल्ली काढली, खिशात घातली. त्या दिवसाचे त्याचे वीस शब्द केव्हाच संपले असणार.

"एक वर्ष जास्तीचं घातलं," तो म्हणाला.

"गुन्नारसारखं?"

"गुन्नारसारखं."